देडतलाईची मोसंबी

राजघाट, बऱ्हाणपूर
रविवार, ता. २९ मार्च १९३६

सोजरबाईंना कमलचा नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे आणि शब्द सुटे लिहिते आहे, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. जोडाक्षर अडलं तर पुढे जा, मागाहून कळेल. मीच तुम्हाला असं सांगत असे.

सव्वापाच वर्षं झाली. एवढ्या दिवसांत एक कार्डही टाकलं नाही, याचा तुम्हाला राग असेल. तुमची खुशाली अधूनमधून कळते. डोईफोडियाला भावाच्या शेतात तुम्ही लिंबाची बाग उभी केली आणि ती चांगली धरली, असं ऐकलं. बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक आहे. तापीचं पाणी उतरलं आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडल्या आहेत. आपल्या बागेतल्या विहिरीला मात्र अजून पुरेसं पाणी आहे. तुम्ही लावलेली डाळिंबं यंदा फुलांनी भरली आहेत. सासरे थकले. बाग वर्गाला दिली म्हणून पूर्वी कुरकुरत, आता रोज संध्याकाळी काठी टेकत येतात आणि बायकांना चुका दाखवतात. त्यांना स्वतःला गुलाबाची फांदीही नीट छाटता येत नाही, पण बायका हो हो म्हणतात.

आपल्या कलमवर्गातून आजवर एकतीस जणी शिकून गेल्या. सगळ्या आपल्यासारख्याच, नवरा गेलेल्या. निम्म्या आज कुणाच्या ना कुणाच्या बागेत कामाला आहेत. मुख्य गोष्ट ही की खंडव्याचे शेतकी खात्याचे साहेब मे महिन्यात वर्ग बघायला येणार आहेत. त्यांच्या मनात आहे की आजूबाजूच्या गावांतून विधवा बायका इथे राहायला आणाव्यात, दोन वर्षं पुरं शिक्षण द्यावं आणि मग मोठ्या बागांमधून त्यांना कायमची जागा मिळवून द्यावी. त्यासाठी शिकवणाऱ्या दोघी हव्यात. कागदावर मी माझ्या नावाखाली तुमचं नाव लिहिलं आहे. न विचारता लिहिलं, रागावू नका. हा वर्ग आपण दोघींनी काढला. जागा आणि कागदपत्रं माझी, चाकू तुमचा, असं ठरलं होतं. तुम्ही गेल्यावर ते माझ्या एकटीचं झालं, आणि ते बरोबर झालं नाही.

हो, मालूबाई मागच्या आठवड्यात आली होती. देडतलाईच्या दगा पाटलाच्या बागेत ती अजून आहे. तिच्या हातची तीनशे मोसंबीची झाडं. तुम्ही गेल्यावर तिच्याइतक्या सफाईने खुंटावर डोळा भरून कलम करणारी दुसरी कुणी झाली नाही. झाडं जरा पिवळी पडलीत म्हणत होती. मी तिला धीर दिला, पाणी आणि शेणखत कसं द्यायचं ते सांगितलं. देडतलाई तुमच्या बाजूला आहे, तरी तुम्ही मुद्दाम बघायला जाऊ नका. उन्हाचे दिवस आहेत. मी बघते काय ते.

उत्तर पाठवा. चार ओळी लिहिल्या तरी चालतील.

तुमची
कमल

*

राजघाट, बऱ्हाणपूर
गुरुवार, ता. ४ जून १९३६

सोजरबाईंना कमलचा नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. ते बरंच झालं. मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि त्याला उत्तर आलं असतं तर मी ते खरं धरून चालले असते.

मालूबाई गेली.

तुमच्या कानावर आलंही असेल. वैशाखाच्या वद्यात भर दुपारी दगा पाटलाच्या बागेत झाडं उपटताना पडली. ऊन लागलं. सासू भागाबाई पाणी घेऊन पोचली तोवर बोलणं बंद झालं होतं. दिवस मावळायच्या आत संपलं. वय तेवीस.

आता मी सगळं क्रमाने लिहिते.

तुम्ही गेलात तो मार्गशीर्ष तुम्हाला आठवत असेल. मोसंबीच्या खुंटासाठी वाढवलेली आपली जंबुरीची रोपं वाळवीने खाल्ली होती. साहेब पौषात पहिल्यांदा यायचे होते आणि त्यांना दाखवायला चारशे कलमं हवी होती. मी बाहेरून रोपं मागवली. गाडी दारात उतरली, तुम्ही एक रोप उचललंत, पान चोळलंत आणि म्हणालात, "कमलबाई, हे जंबुरी नही. हे कडू नारिंग आहे. देठाचं पान पाहा किती रुंद आहे ते. याच्यावर मोसंबीचा डोळा भरला तर दोन-तीन वर्षं झाड छान दिसंन, अन् फळावर आलं का मरंन."

मी म्हणाले, "विकणाऱ्याने जंबुरी म्हणून दिलं आहे."

"विकनारा झूट बोलला. तुम्ही वास घ्या नं."

तुम्ही पान माझ्या नाकाशी धरलंत. मी वास घेतला आणि म्हणाले, "मला तर काही फरक वाटत नाही."

सोजरबाई, मला फरक कळला होता. जंबुरीचा तो झणका त्यात नव्हता. चार वर्षं तुमच्या शेजारी बसून मी तेवढं नक्की शिकले होते. पण साहेब यायला महिना राहिला होता. तुम्ही म्हणालात, "या खुंटावर मी चाकू लावनार नही अन् पोरींनाही लावू देनार नही." मी म्हणाले, "वर्ग माझ्या जागेत आहे. पोरी मी सांगेन ते करतील." तुम्ही चाकू पुसून पिशवीत ठेवलात आणि निघालात. मला वाटत होतं, तुम्ही फाटकाशी तरी थांबाल. तुम्हालाही वाटलं असेल की मी हाक मारीन.

बायकांना मी सांगितलं, सोजरबाईंच्या भावाकडे अडचण आहे म्हणून त्या गेल्या. पुढे कुणी तुमच्याकडे काही विचारायला निघालं की मी म्हणत असे, त्यांनी कलमाचं काम सोडलं, त्यांना या विषयावर बोललेलं आवडत नाही. म्हणूनच मालूबाई इतक्या जवळ असून तुमच्याकडे कधी आली नाही.

त्या चारशेतली तीनशे देडतलाईला गेली. मालूबाईनेच डोळे भरले होते, मग तिनेच ती लावली, जोपासली. पाटलाने तिला बागेची माळीण म्हणून ठेवलं. आजूबाजूच्या गावांतून लोक तिला बोलवायला येऊ लागले. एकदा इथे आली होती तेव्हा हसत सांगत होती, "बाई, आता मले कोनी अमक्याची रांड नही म्हनत. मोसंबीवाली म्हनतात." तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते.

आता या मार्चमधलं. ती आली ती पदरात पानं बांधून. पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेंडे वाळत होते, फळं लिंबाएवढीच राहून गळत होती. कलमाच्या जोडाच्या वर खोड फुगलं आहे म्हणाली. मला सगळं माहीत होतं, कारण आपल्या बागेतल्या त्याच गाडीच्या सहा झाडांना हेच झालं होतं. साहेब येणार म्हणून मी ती माणसं लावून काढून टाकली होती आणि तिथे झेंडू लावला होता.

मालूबाई ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "गावात म्हनतात, पांढऱ्या कपाळाच्या बाईनं लावलेलं झाड असंच जातं. सासूबी तेच म्हनते. बाई, खरं सांगा, हे माझ्या हाताचं आहे का?"

मागच्या पत्रात मी लिहिलं की तिला धीर दिला. मी काय म्हणाले ते आज लिहिते. मी म्हणाले, "प्रत्येकाच्या हाताला यश असतंच असं नाही, मालू."

एवढंच. त्या वेळी मला हे वाक्य फार सौम्य वाटलं होतं. खुंटाचं सांगितलं असतं तर ते देडतलाईहून खंडव्याला साहेबांपर्यंत पोचायला किती दिवस लागले असते? "मलेबी तसंच वाटत होतं," ती म्हणाली. पानं परत पदरात बांधली आणि गेली.

मी स्वतः विधवा, तुम्ही विधवा. तुमच्या हातची झाडं या खोऱ्यात किती गावांतून पंचवीस-पंचवीस वर्षांची उभी आहेत. ती दाखवून मला कुणाचंही तोंड बंद करता आलं असतं. ज्या बोलण्याच्या विरुद्ध आपण हा वर्ग काढला, तेच बोलणं मी माझ्या तोंडाने तिला दिलं.

साहेब मे महिन्यात येऊन गेले, खूश झाले. त्यानंतर चौथ्या दिवशी देडतलाईचा निरोप आला.

मी तेराव्याला गेले. बागेत नेलं पाटलाने. तिने एकशे चाळीस झाडं उपटली होती, सगळी एका बाजूला मुळं वर करून रचलेली. प्रत्येक जोडाच्या वर गाठ. पाटील वाईट माणूस नाही. म्हणाला, "मी तिले म्हटलं, राहू दे, दोन गडी लावतो. ऐकलं नही. म्हने, माझ्या हातानं लागलं, माझ्याच हातानं निघू द्या. पावसाच्या आत जागा मोकळी करते, दुसऱ्या कोनाच्या हातानं लावा." घरात असताना तिने स्वयंपाकालाही हात लावणं सोडलं होतं, असं भागाबाईने सांगितलं. पाणी भरायची तर आधी सासूला घागरीला हात लावायला सांगायची.

त्या दिवशी तिथे पन्नास माणसं जेवायला होती. मी उभं राहून बोलणार होते. घरून तेच ठरवून निघाले होते. बोलले नाही. पत्रावळ पुढे आली आणि मी जेवले.

सकाळी निघताना मात्र भागाबाईला गोठ्याशी गाठलं आणि सगळं सांगितलं. कडू नारिंग, जंबुरी, गाडीतली रोपं, तुमचं जाणं, माझं ते बोलणं. म्हणाले, "मालूच्या हातात काहीही दोष नव्हता. दोष माझा होता, आणि मला तो ठाऊक होता."

भागाबाई ऐकत होती. मग तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलीच्या पाठीवरून फिरवतात तसा. म्हणाली, "बाई, तुम्ही लई चांगल्या. मेलेल्या लेकराचं मन राखाले स्वतःवर घेता. पन ते खुंटाबिंटाचं आमाले काय समजते? तिच्या हाताले यश नव्हतं. तुम्हीच तिले बोलल्या होत्या नं. ती रोज सांगे, बाईबी तसंच म्हनल्या."

मी पुन्हा सांगितलं. शपथ घेतली. ती मान हलवत राहिली, आणि शेवटी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "देव तुमाले सुखी ठेवो." मग पाटलाला सांगितलं. त्यानेही हात जोडले. त्यालाही ती माझी माया वाटली.

आता पुढचं ऐका. देडतलाईची गोष्ट पसरली आहे. गेल्या आठ दिवसांत चौघींना बागेतून काढलं. दोन ठिकाणची झाडं तर हिरवीगार आहेत, तुम्ही होतात तेव्हाच्या जंबुरीवरची. तरी काढलं. आपल्या धुरपदाबाईला मालकाने फाटकातूनच परत पाठवलं आणि तिने शिवलेल्या झाडांवर गोमूत्र शिंपडलं. ती काल इथे आली. तिचा चाकू ओट्यावर ठेवला आणि गेली. वर्गाला सोमवारपासून कुणी आलेलं नाही. एकीच्या दिराने निरोप पाठवला की आमची बाई घरातच बरी.

खंडव्याला मी सगळं खरं लिहून कळवलं आहे. उत्तर यायचं आहे. काय येईल ते येवो. वर्ग तर आताच संपला आहे, तो बंद करायला कुणाच्या हुकमाची गरज उरलेली नाही.

मी एकेका बागेत जाऊन सांगते आहे. माणसं मला बसायला पाट देतात, माझं सगळं ऐकून घेतात आणि माझी स्तुती करतात. खोटं बोलले तेव्हा एक वाक्य पुरलं. आता दिवसभर खरं बोलते आणि ते कुणाच्या घरात शिरत नाही.

तुम्हाला परत या म्हणत नाही. माझ्याबरोबर कुठे चला असंही म्हणत नाही. फक्त एवढं, की तुमच्या हातची जुनी झाडं ज्यांच्या दारात आहेत, त्यांना जमलं तर एकदा सांगा, कमलने खोटी रोपं लावली, ती जाणूनबुजून लावली, आणि पोर तिच्यामुळे मेली. माझं नाव घेऊनच सांगा. ऐकतील असं मला वाटत नाही. तुम्हीही पांढऱ्या कपाळाच्याच. पण माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

माफी मागायला हात जोडत नाही. ती ज्या बाईकडे मागायची तिने मला विचारलं होतं, आणि मी तिला उत्तर दिलं होतं.

हे पत्र वाचून झाल्यावर ठेवू नका असं आधी लिहिणार होते. ठेवा. कुणी वाचायला मागितलं तर द्या.

मालूबाईची बाई,
कमल