पॅड, पेस्ट आणि माझी मिशी

बेलापूर, ता. श्रीरामपूर
रविवार, १८ एप्रिल १९९९

प्रिय महेंद्रदादा,

सप्रेम जयभीम. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे सगळे ठीक, फक्त माझी मिशी संकटात आहे. (कॉलेज का सोडलंस, हे याही उत्तरात विचारू नकोस. आवाज आधी प्राचार्यांनी चढवला होता.)

आपल्या डेअरीच्या कॉम्प्युटरसाठी तू दुकानातून थर्मल पॅड आणि थर्मल पेस्टची ट्यूब, दोन्ही पाठवलंस आणि चिठ्ठीत लिहिलंस, दोन्हींतलं एकच लाव. दादा, या एका ओळीने गावात दोन पक्ष पडले! प्रोसेसर तापतो, त्याच्या डोक्यावर पंख्याची ॲल्युमिनियमची बैठक असते आणि दोघांच्या मधे उष्णता पोचवायला काहीतरी लागतं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. चेअरमन रंगनाथ आबा म्हणाले, पेस्ट म्हणजे मलमच, तेच लावा. अंगदही (दुधाची फॅट मोजतो, डोक्याला इतकं तेल लावतो की आधी त्याचीच मोजावी) पेस्टच म्हणाला. माझं कुठलंच मत नव्हतं. पण कॉम्प्युटरवर बसणारी यशोधरा ट्यूबकडे बघून म्हणाली, "हात बरबटतील की हो." (यातलं 'की हो' तिने माझ्याकडे बघून म्हटलं. मी तारीख लिहून ठेवली आहे.) झालं! मी टेबलावर मूठ आपटली. पॅडच लागणार, आणि रविवारपर्यंत कॉम्प्युटर एकदा जरी बंद पडला तर डेअरीच्या ओट्यावर मिशी उतरवीन! वर, हरलो तर यशोधराच्या टेबलाजवळ पुन्हा फिरकायचं नाही, ही अट अंगदने घातली. रागाच्या भरात मी तीही मान्य केली.

पॅड मी स्वतः बसवलं, अगदी जपून. आपल्या घरात नवी वस्तू कशी वापरतात ते तू जाणतोसच. टेपरेकॉर्डरवरचं प्लास्टिक सहा वर्षं टिकलंय, आणि नानांच्या लूनाच्या सीटवरचं फाटलं तेव्हा नाना दोन दिवस नीट जेवले नव्हते. पॅडलाही दोन्ही बाजूंनी पातळ प्लास्टिक होतं. ते मी काढतोय होय? एक कोपरा सुटत होता, तो उलट दाबून पुन्हा चिकटवला.

मंगळवारी सकाळी कडूबाईची पावती निम्मी छापून कॉम्प्युटर थिजला. "आरं मिलिंदा, माजं दूध नासाया लागलं, तुज्या डब्याला कवा शुद्ध यायची?" असं ती सगळ्या रांगेदेखत ओरडली. अंगद वस्तरा घेऊनच आला. आबांनी तो काढून आपल्या खणात ठेवला आणि म्हणाले, पॅड चुकलं का लावणारा चुकला, हे महेंद्रला विचारा, मग बघू. मी त्याच तिरमिरीत कॉम्प्युटर उचलून दूध गार ठेवायच्या खोलीत नेऊन मांडला. तिथे तो चालला! चार दिवस यशोधरा ऐन एप्रिलात वडिलांची घोंगडी पांघरून पावत्या काढत होती. बोटं आखडून तिच्याकडून कडूबाईच्या चार लिटरचे चव्वेचाळीस झाले. कडूबाई तेव्हापासून पॅडच्या पक्षात आहे.

शनिवारी यशोधराने शिंकत शिंकत स्वतःच स्क्रू काढले, पॅड बाहेर घेतलं, करंगळीच्या नखाने दोन्ही प्लास्टिकं सोलली आणि माझ्यापुढे धरली. "हे काढायचं असतं हो." (खोलीत आम्ही दोघंच होतो, म्हणून मी लाजलो तेही दोघांनाच माहीत.) मग थोडी खुडबुड करून तिने झाकण लावलं. कॉम्प्युटर आता बाहेर उन्हाच्या खिडकीशी आहे आणि आजपर्यंत एकदाही बंद पडलेला नाही.

नानांचा तुला आशीर्वाद, छोट्याला माझा पापा.

तुझा,
मिलिंद

ता. क. दुकानाच्या छापील कागदावर, शिक्का मारून लिही की प्लास्टिकसकट बसवलेलं पॅड हे पॅड धरत नाहीत, सबब पैज शनिवारपासून मोजावी. परतीच्या टपालाने पाठव.

ता. क. २. पॅडची फार स्तुती मात्र करू नकोस. शनिवारी तिने पॅड परत बसवलंच नाही, पेस्ट लावली. अंगदला पत्ता नाही. पॅड माझ्या पाकिटात आहे.

ता. क. ३. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. मी रुमाल पुढे केला तर म्हणाली, "राहू द्या. आणि मिशीही राहू द्या." तारीख लिहून ठेवली आहे.