मंत्र्यांनी माझ्या खिडकीवर पैसे भरले

३ जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

बँकेच्या खुर्चीत बसून तुझं पोट आणखी सुटलंय, असं तुझ्या बायकोने कळवलंय. वाचून बरं वाटलं. कोणाचं तरी बरं चाललंय म्हणायचं.

इकडे शिवणखोलीत आठवडाभर सुया कमी आणि जिभा जास्त चालताहेत. तुमची बँक बुडणार अशी आवई उठली आहे. काजंबटणंवालीने तर तिचे स्वतःचे पैसे काढूनही आणले. मालक ही खोली विकतोय, हे तुला ठाऊक आहेच. महिनाअखेर आम्ही आठजणींनी पैसे दिले तर खोली आमची, नाहीतर शेजारचा गोदामवाला टपलेलाच आहे. पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं तुमच्या बँकेत आहे, तेही माझ्या शब्दावर, कारण माझा भाऊ तिथे रोखपाल. काढू का? आढेवेढे न घेता कळव. तुझी पत्रं मशीन थांबवून सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते, तेव्हा अक्षर जरा बरं काढ.

मुलांना गोड पापा. तुझा कान धरायला अजून हात पोचतो, हे विसरू नकोस.
ताई


७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अजिबात काढू नकोस. लोकांनी राईचा पर्वत केलाय. काल खुद्द अर्थमंत्री आमच्या शाखेत आले. बरोबर आमचे अध्यक्ष, मागे फोटोवाले. मंत्री चारचौघांसारखे रांगेत उभे राहिले आणि माझ्याच खिडकीवर त्यांनी पैसे भरले. बाहेर जाऊन त्यांनी लोकांना सांगितलं की माझी स्वतःची पुंजी इथे आहे, मग तुमची कशी बुडेल. टाळ्या पडल्या आणि पैसे काढायला आलेली अर्धी रांग घरी गेली.

एक गंमत सांगतो. नोटा मोजून गड्डी बांधली की तिच्या कागदी पट्टीवर आम्ही तारीख घालून सही करतो. मंत्र्यांच्या गड्ड्यांवर चक्क माझीच सही होती. म्हणजे साहेब आपलं जुनं गिऱ्हाईक निघाले. बायको म्हणते, आता घरखर्चालाही सही करूनच पैसे देत जा.

निर्धास्त राहा. शिवणखोलीतल्या सगळ्यांना नमस्कार.
तुझा (पोटासकट) टिल्लू


१० जून

चि. टिल्लूस,
अ. उ. आ.

पेपरातला फोटो पाहिला. त्यात मंत्री पूर्ण आहेत, तुझा एक कान आणि अर्धं टक्कल आलंय. तरी आम्ही ओळखलंच. पत्र दोनदा वाचायला लावलं मला. काजंबटणंवालीने काढून आणलेले पैसे परत भरलेच, वर मुलीच्या बाळंतपणासाठी घरात ठेवले होते तेही भरले. टिल्लूच्या हातात आहेत म्हणजे काळजी नाही, म्हणाली. मीही मालकाला तीस तारीख पक्की सांगून टाकली.

फार उपकार झाले बाबा. जिवाला जप.
ताई


१९ जून

ताई,

मायना सुचत नाही. काल सकाळी आम्ही कामावर गेलो तर शाखेला सरकारी कुलूप. लोक दार बडवत होते आणि मी त्यांच्यातच उभा होतो.

दुपारी व्यवस्थापकांनी मला घरी बोलावून सगळं सांगितलं. अजून खरं वाटत नाही. मंत्र्यांच्या जावयाच्या बांधकाम कंपनीला अध्यक्षांनी वर्षानुवर्षं कर्जं दिली, एकही फिटलं नाही. बँक केव्हाच पोकळ झाली होती. आपल्या माणसांचे पैसे निघेपर्यंत दार उघडं ठेवा, असा मंत्र्यांचा निरोप होता. त्या दिवशीची त्यांची पिशवी आमच्याच तिजोरीतून भरली होती, ताई. पट्टीवर आदल्या संध्याकाळची तारीख होती. मी ती पाहिली आणि मला गंमत वाटली. नंतर तुमच्यासारख्यांनी जे भरलं, तेच रविवारी मागच्या दाराने अध्यक्षांनी आणि मंत्र्यांच्या नातेवाइकांनी उचलून नेलं.

आता होणाऱ्या सरकारी चौकशीत पट्ट्यांबद्दल ब्र काढायचा नाही, असं व्यवस्थापकांनी बजावलं. बदल्यात काय हवं विचारलं. मी तुझ्या एकटीच्या वाट्याचे पैसे मागून घेतले. बायकोच्या भावाबरोबर पत्र आणि पाकीट पाठवतोय. बाकीच्यांना सांगू नकोस. मला दुसरं काही सुचलं नाही गं.

टिल्लू


२३ जून

टिल्लू,

तुझ्या मेहुण्याने पत्र माझ्या हातात दिलं, तेव्हा सगळ्याजणी मशीन थांबवून बसल्या होत्या. बँकेतून काहीतरी कळेल म्हणून मी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. 'तुझ्या एकटीच्या वाट्याचे' इथे मी थांबले. काजंबटणंवालीने पुढचं वाच म्हटलं. मी शेवटपर्यंत वाचलं.

कोणी रडलं नाही, भांडलं नाही. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. टिल्लू, अशा नजरेने माझ्याकडे आजवर कोणी बघितलं नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं हे मला समजतं. मंत्री आणि अध्यक्ष मोठी माणसं, त्यांना आम्ही दिसतही नसू. पण तू या सातजणींना नावानिशी ओळखतोस, त्यांच्या हातचं जेवला आहेस. मागचं दार तुला कसं सापडलं, याचा मला अजून धक्का बसलेला आहे.

खोली गेली. गोदामवाला काल भिंती मोजून गेला. पाकीट मी उघडलेलं नाही, ते परत आणते आहे. चौकशीवाल्यांसमोर ते ठेव आणि कोणी, कशासाठी दिलं ते पट्ट्यांसकट सांग. त्यात माझेही पैसे जातील, जाऊ देत. नोकरी जाईल तुझी, तेही मला कळतं. रात्रभर मी तोच विचार करत बसले होते.

सोमवारी आम्ही आठहीजणी चौकशीला येतोय, पुढच्या दाराने. तिथे नाव-गाव-नातं विचारतात म्हणे. तुझ्याशी नातं विचारलं तर काय सांगू, एवढं त्याआधी कळव.

माया तुटत नाही रे, म्हणून विचारते आहे.
ताई