प्रतोदांचा चष्मा

सोमवार, ३ मार्च
आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही. निदान मी हयात असेपर्यंत.
सभागृहात येऊन तीन वर्षं झाली. मतदान २१२ वेळा. २१२ वेळा मी पक्षाबरोबर. विरोधक मला मेंढरू म्हणतात. खरी गोष्ट अशी की पक्षाचं माझ्याशी २१२ वेळा एकमत झालं.

बुधवार, ५ मार्च
नवं विधेयक. छोट्या गावांतले बाळंतपणाचे वॉर्ड बंद करायचे, सगळं जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं. यादीत आमचं गाव अकरावं. तिथे ताई सव्वीस वर्षं नर्स आहे. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातांवर झाली.
ताईचा फोन. म्हणाली, मोठं इस्पितळ बेचाळीस किलोमीटरवर, मधे रेल्वेचं फाटक. फाटक लागलं तर पोर काय आत वाट बघत बसणार आहे? मी म्हटलं, मी असताना तू काळजी करायची नाहीस, सभागृह दणाणून सोडतो. ती म्हणाली, दणाणू नकोस रे बाबा. फक्त हात वर करू नकोस. एवढंच कर.
एवढंच! सख्ख्या बहिणीला माझी ताकद कळलेली नाही.

गुरुवार, ६ मार्च, सकाळी
पक्षाच्या विचारसरणीची पुस्तिका शोधून काढली. पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पान १४: ‘सेवा माणसाच्या दारी गेली पाहिजे.’ म्हणजे विचारसरणी माझ्या बाजूने! मी बंडखोर नाहीच. बंड पक्षाने केलंय. तडक भाषण लिहिलं. अकरा पानं.

त्याच दिवशी, दुपारी
प्रतोदांना भेटलो. कोणी कसं मत द्यायचं ते आमच्याकडे हेच ठरवून सांगतात. पान १४ दाखवलं. त्यांनी शांतपणे पान २२ उघडलं: ‘विखुरलेली ताकद एकवटली पाहिजे.’ म्हणाले, पुस्तिकेत खिडक्या चारी बाजूंना आहेत, वारा असेल ती उघडायची. भाषणाला वेळ मिळणार नाही म्हणाले. पण चहा पाजला. आतून हललेले दिसले.

शनिवार, ८ मार्च
निर्धार पक्का. पक्षादेश आला तरी मोडणार. सदस्यत्व गेलं तरी बेहत्तर.
सौ. ला सांगितलं. तिने विचारलं, मग सरकारी बंगल्याचे पडदे शिवायला टाकू की नको? तत्त्वाच्या गोष्टीत बायका पडदे काढतात.
टाक म्हटलं.

सोमवार, १० मार्च
एक आतली गोष्ट नोंदवून ठेवतो. विधेयकं वाचायला वेळ कोणाला? प्रतोद पहिल्या रांगेत. मतदान पुकारलं की मागे वळून आमच्याकडे बघतात. चष्मा डोक्यावर सरकवला तर ‘हो’, हात वर. चष्मा नाकावरच राहिला तर ‘नाही’, हात मांडीवर. माझ्या शेजारचे डुलकीकाका, पाच वेळा निवडून आलेले, घोरतानाही चुकत नाहीत.
त्या दिवशी प्रतोदांकडे बघायचंच नाही. छताकडे बघायचं. घरी सराव केला. मान दुखते आहे.

बुधवार, १२ मार्च
चमत्कार! पक्षात दोन तट पडले, म्हणून पक्षादेशच नाही. नेत्यांनी जाहीर केलं, ज्याने त्याने विवेकाला स्मरून मत द्यावं. प्रतोदांनीही हात झटकले.
लढाई न लढताच जिंकली. ताईला फोन केला, वॉर्ड वाचला समज. ती म्हणाली, शाळेत बाकीच्यांनी हात वर केला की तूही करायचास. उत्तर येत नसायचं, आणि बाई नेमकं तुलाच उभं करायच्या. मी हसलो. तेव्हा लहान होतो.
कँटीनमध्ये मात्र सुतकी कळा. डुलकीकाका टेबलाटेबलावर विचारत होते, विवेकाला स्मरून म्हणजे हो की नाही?

गुरुवार, १३ मार्च, दुपारी ३
हातानेच घात केला. उजव्या.
मतदान पुकारलं. मी छताकडे. प्रतोद सोडून आमचे अठ्ठावन्न जण, आणि बाकी सत्तावन्न सवयीने त्यांच्याकडेच बघत होते. माझी मान अवघडली. एक क्षण, फक्त एक क्षण, खाली घेतली.
प्रतोदांना सर्दी. जोरात शिंक आली. डोळे पुसायला त्यांनी चष्मा डोक्यावर सरकवला.
अठ्ठावन्न हात वर.
प्रतोद रुमाल हलवून नाही नाही करत होते. अध्यक्षांची मोजणी संपली होती. विधेयक मंजूर. एका मताने.

४ वाजता
ते एक मत माझंच कशावरून? अठ्ठावन्न जणांत वाटलं तर माझ्याकडे दोषाचा अठ्ठावन्नावा भाग येतो. एवढा तर कोणाच्याही अंगावर निघेल.
ताईचे तीन फोन. घेतले नाहीत. आधी निवेदन तयार करतो.

शुक्रवार, १४ मार्च
पेपरात मथळा: ‘पक्षादेश नसतानाही अठ्ठावन्न जणांचं एकमत, विवेकाचा विजय.’ नेत्यांनी पाठ थोपटली. प्रतोद शिंकत होते.
२१३.
शेवटी ताईचा फोन घेतला. सगळं समजावून सांगितलं: सर्दी, मान, छत. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, जेवलास का? हो म्हटलं. बरं, ठेवते, म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ३० एप्रिल
वॉर्डाचा शेवटचा दिवस. ताईने बोलावलं नव्हतं, तरी गेलो. ती अकरा पानं खिशात. नाहीतरी वाया चालली होती.
वाटेत फाटक बंद. पंचवीस मिनिटं. घड्याळ बघायचं नाही असं ठरवलं होतं.
वॉर्डात खाटा भिंतीला उभ्या करून ठेवलेल्या. गाद्यांच्या वळकट्या. चार नर्स, एक डॉक्टरीणबाई. कोणी मला वाईट बोललं नाही. बसायला स्टूल दिलं. ताईने जन्मांच्या नोंदवहीत शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली, वही मिटली. मग डोळे पुसायला तिने चष्मा डोक्यावर सरकवला.
माझा उजवा हात वर गेला.
सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. ताईने विचारलं, तुला काही बोलायचंय का?
डाव्या हाताने धरून उजवा खाली घेतला.