बेटावरचा चष्मेवाला

बाई, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. आज अनसिंगच्या घरी, तुरी वाळत घातलेल्या ओसरीत बसून तुम्हाला लिहिते आहे. आठवीत मी पक्ष्यांच्या वहीत चष्मेवाला लिहिला होता. चिमणीहून लहान, हिरवट पिवळा, डोळ्याभोवती पांढरं कडं. सगळं पुस्तकातून उतरवलेलं. तुम्ही वर्गासमोर वही उचललीत. "तुह्या डोयानं पाह्यला का?" "नाही, बाई." "मंग लिवला काहून? खोड ते." मी खोडलं आणि चार दिवस तुमच्याशी बोलले नाही. रविवारी तुम्हीच दारात आलात. नाल्याकाठी बाभळीखाली मला तासभर उन्हात उभं केलंत, स्वतःची दुर्बीण माझ्या गळ्यात घातलीत. "आता पाह्य. दिसला का मंग लिव."

गेल्या महिन्यात मी पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या पथकासोबत हिंदी महासागरातल्या एका बेटावर होते. तिथल्या डोंगरातल्या जंगलात चष्मेवाल्याचा एक भाऊबंद राहतो. जगात दुसरीकडे कुठेच नाही. मोठ्या वादळानंतर तो कुणाला दिसला नव्हता. त्याच उतारावरून रस्ता काढायचा होता, आणि पक्षी उरला नाही असं आमच्या पाहणीत निघालं की झाडं पडणार होती. पाचव्या दिवशी धुक्यातून त्याची बारीक शीळ येते. आमचे प्रमुख म्हणतात, "दिसला असंच लिहा. कोण विचारतंय? उद्या निघायचंय." मी म्हणते, "आवाज ऐकला, एवढंच लिहीन. तुम्ही निघा, मी थांबते."

त्यांनी खूप समजावलं, चिडलेही. मी थांबले. तिथली एक वाटाडी बाई सोबत होती. तीन दिवस आम्ही तोच उतार चढलो. जळवांनी मोजे रक्ताळले, माझा गुडघा सुजला. चौथ्या सकाळी तिनं माझं मनगट घट्ट धरलं. चार हातांवर, शेवाळलेल्या फांदीवर तो बसला होता, चोचीत हिरवी अळी. त्यानं ती गिळली नाही. घेऊन झाडीत शिरला, आणि आतून पिल्लांचा कल्ला उठला. मी फोटो काढला, मग लिहिलं. रस्ता आता खालच्या अंगानं जाणार आहे.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुम्ही वाशिमला दवाखान्यात होतात तेव्हा तुमच्या भावाचा फोन आला होता. "ताई तुही आठवण काढून राह्यली, येऊन जाय." मी परीक्षेचं कारण सांगितलं. परीक्षा दोन दिवसांपूर्वीच संपली होती, बाई. मला यायची भीती वाटली.