खाटेला बांधलेला पत्ता

७ मार्च १९६१
कमलाकांत गेला. रविवारी दुपारी, अकोल्याच्या दवाखान्यात. बापूसाहेबकाका फळं घेऊन गेले तेव्हा त्यांना कळलं. तिथेच अग्नी दिला आणि काल इथे अमरावतीला येऊन मला सांगितलं. धाकटा भाऊ गेला, आणि मला दुसऱ्या दिवशी!

मी रविवारी जाणारच होते. शनिवारी तार आली — प्रकृतीत सुधारणा, काळजी नसावी. म्हणून राहिले. शेजारी साखर वाटली. साखर!

९ मार्च
दवाखान्यात जाऊन आले. त्यांची पद्धत अशी — नातेवाइकाचा पत्ता खाटेच्या पायथ्याशी बांधायचा. रोगी सुधारला किंवा बिघडला की सिस्टर खाटेचा नंबर सांगणार, कारकून त्या खाटेच्या पत्त्यावर तार करणार. कमलाकांतला धाप लागायची म्हणून खिडकीजवळच्या खाटेवर नेलं. तिथल्या पंजाबरावांना त्याच्या खाटेवर आणलं. माणसं हलवली. पत्ते होते तिथेच राहिले!

पंजाबराव सुधारले, तार मला. मग कमलाकांत बिघडल्याची तार? "दुसरीकडे गेली," एवढंच सिस्टर म्हणाल्या. आणि वर — "पण बाई, तार वेळेवर गेली हो. आमच्याकडून उशीर नाही झाला."

मी रुमालाची घडी घालत उभी राहिले.

१० मार्च
खाटेला ताप येत नाही. खाट मरत नाही. मग पत्ता खाटेला कशाला?

११ मार्च
तक्रार लिहिली. फाडली — फार सभ्य होती. काका म्हणतात, कोणी मुद्दाम केलं का, सोडून दे पोरी. मुद्दाम केलं असतं तर निदान एका माणसावर रागावता आलं असतं.

१४ मार्च
शाळेत गेले. मुली एकदम गप्प झाल्या. त्याचाही राग आला.

रडू येत नाही. एकच डोक्यात — शुद्धीत होता म्हणे शेवटपर्यंत. दाराकडे बघत राहिला असेल. बरं नाही वाटलं तर ताईला बोलवतील, असं मीच त्याला सांगून आले होते. त्याला वाटलं असेल, बोलावलं तरी आली नाही.

१९ मार्च
धामणगावहून वच्छलाबाई आल्या, पंजाबरावांच्या घरच्या. मळ्यातली वांगी घेऊन. 'गंभीर, लगेच निघा' ही तार त्यांना मिळाली होती. रडत पोचल्या, तर नवरा बसून दूध पीत होता. तार कोणाची हे कळल्यावर त्या खिडकीपाशी, कमलाकांतजवळ जाऊन बसल्या.

"त्यायनं डोये उघडले. इचारलं, ताई आली का? मी म्हनलं, आली. मंग माहा हात धरला, तो शेवटपरेंत सोडला नाही."