हीटरच्या तोंडावरचा बर्फ

प्रिय बाबा,

आम्ही तिघंही ठणठणीत आहोत. हे आधी वाचा, मग पुढचं.

घरगाडीखालून वारा शिरू नये म्हणून इथे सगळेच चाकांभोवती बर्फ रचतात. वेडनेही खिडकीपर्यंत रचला, हीटरच्या धुराड्यापुरती खाच मोकळी ठेवून. आतलं तापमान चार अंशांनी वाढलं. मी मोजलं आणि नवऱ्याला शाबासकी दिली.

गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी टेसचं डोकं दुखत होतं. "शाळा असली की बरं दुखतं गं तुझं!" असं मीच म्हणाले. शनिवारी शाळा नव्हती, तरी दुखतच होतं. तेवढ्यात गाडीतला विषारी वायूचा भोंगा वाजला. शेजारच्या गाडीतली लोरेटा बाहेरून ओरडली, "अगं, तुमची खाच बुजलीय! पोरीला आधी बाहेर काढ!" नवा बर्फ पडून धुराडं बंद झालं होतं आणि हीटरचा वायू आतच साचत होता.

दवाखान्यात तिघांचं रक्त तपासलं. आता कुणाच्याच रक्तात तो वायू नाही. खाच मी रोज दोनदा मोकळी करते. कामावर दिवसभर स्की-लिफ्टचे सुरक्षा-स्विच तपासते, पण घरचं धुराडं तपासलं नव्हतं.

वेड म्हणतो, "बाबांना कशाला कळवतेस? उगाच घोर लागेल." पण टेसला हिवाळाभर आमच्याकडे ठेवू का, असं तुम्ही विचारलं होतं आणि मी ताडकन नाही म्हणाले होते, म्हणून हे तुम्हाला कळायलाच हवं.

आईचा गुडघा कसा आहे? प्रवास झेपत असेल तर दोघं या. तुम्ही चाळीस वर्षं घरोघरी घर तापवायच्या भट्ट्या बसवल्यात. आमचा हीटर एकदा बघा. तो बघून टेसला इथे ठेवू नको म्हणालात, तर तिची बॅग भरलेली आहे.

तुमची,
कोरीन