सिराजभाईंची तार

तीर्थपुरी

आदरणीय अतिकभाईंना रामकिसन गिरणीवाल्याचा सलाम आन् रामराम. नांदेडला समदे खुशाल असतील. तुमच्या गुडघ्यांची खबर कळवावी. इकडं मी आन् दुर्गाबाई बरे हावोत. तुमचे भाईजान सिराजोद्दीन मात्र बरे न्हाईत. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जबान गेली. (तुम्हाला कुणी कळवलं न्हाई. त्यांच्या लेकीच्या, लायबाच्या लग्नात तुम्हाला फोटोला बोलवायचं राह्यलं, तवापासून नऊ वर्षं तुम्ही भाऊ-भाऊ बोलत न्हाईत, हे गावाला पाठ हाये.)

दवाखान्यातून घरी आणलं तर त्यांचं डावं बोट खाटेच्या लाकडावर सारखं वाजू लागलं. डॉक्टर म्हणले, कंप हाये, आन् गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागली, बोट थांबलं, आम्ही खुश. पण ताहेराभाभी मला म्हणल्या, "भाईसाब, ये कापना नै. ये तार मार रे." तीस वर्षं तारघरात काढलेला माणूस, नींदेतबी उशीवर तारा ठोकायचा, बाजूला झोपणाऱ्या बाईला तो आवाज वळखू येणारच.

मंग गोळ्या बंद केल्या आन् मी मोबाईलात एक ॲप घेतलं. टिंबं-रेघा टाकल्या की ते अक्षर सांगतं. बोट हलकं वाजलं की टिंब, दाबून धरलं की रेघ. मी चष्मा लावून वहीत उतरवत बसलो (गिरणी दोन दिवस बंद, गल्लीतल्या बाया माझ्या नावानं बोटं मोडून राह्यल्या). शेवटी तीन इंग्रजी अक्षरं हाती लागली. सी, एच, एल. चल! बिचाऱ्याला कुठंतरी जायाचं हाये. आम्ही त्यांच्या पोराची, नोमानची जीप काढली, उशा लावल्या, निघालो. गाव मागं पडलं, बोट म्हणतं चल. धा कोस झाले, तरी चल. वाटूर आलं तवा तर बोट रागानं आपटून राह्यलं. नोमान दमला, हाटेलापाशी थांबला. पोऱ्यानं चहा आणला, तसा भाईजाननं डाव्या हातानं ग्लास हिसकला आन् गरमच पिऊन टाकला. मंग उजेड पडला. ए आन् आय ही दोन अक्षरं मी मधी जागा न सोडता वाचली, त्याचं एल झाल्तं. माणूस चाय मागून राह्यला, आन् आम्ही त्याला जिल्हा दाखवून राह्यलो! पंधरा दिवस घरात नुसतं दूध पाजलं होतं. भाभी जीपमधी रडल्या. मीबी रडलो (दुर्गाबाईला बोलू नका).

आता तब्येतीत बराबर फरक हाये. काळजी नसावी. घरात समद्यांना दुवा.

तुमचा
रामकिसन

ता. क. चहा झाल्यावर त्यांनी चार अक्षरं वाजवली. या खेपेला मी तीनदा तपासली. ए, टी, आय, के. तवापासून रोज तेच. मला एका शब्दाला पाव तास लागतो. तुम्हीबी तारबाबू होते, तुम्हाला ते बोलल्यासारखं ऐकू यील. जल्दी या.

आणखी एक. हे पत्र त्यांना वाचून दावलं. त्यांनी तुमच्यासाठी एकच शब्द वाजवला. शिवी हाये, मी कागदावर लिहिणार न्हाई. पण वाजवताना डोळे भरून आल्ते. समक्ष येऊन ऐका.